भाऊजींच्या पहाऱ्यातलं गाव

पोटात गोष्ट ठेवता येणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या सख्ख्या बहिणीच्या वाट्याला आला. आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत नोकरीला होते. सकाळी फॅक्टरीची बस त्यांना घेऊन जायची आणि संध्याकाळी आणून सोडायची. मधल्या वेळात ते काय करतात हे लग्नानंतर कितीतरी वर्षं ताईला माहीत नव्हतं. विचारलं की ते क्वार्टरची खिडकी लावून घेत आणि म्हणत, "फॅक्टरीची गोष्ट फॅक्टरीत राहू दे." आमच्या वडिलांचा पक्का समज होता की जावई तोफा बनवतात. ते तसं चारचौघांत सांगतही, आणि त्यामुळे आमच्या घराला उगाचच मान मिळायचा. भाऊजी निवृत्त झाले त्या दिवशी निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्यांचं तोंड भरून कौतुक केलं, तेव्हा उलगडा झाला, की इतकी वर्षं ते फॅक्टरीच्या ऑफिसांमधले पंखे आणि ट्यूबलाइट दुरुस्त करत होते. ताईने माझ्याकडे पाहिलं, मी ताईकडे. घरी येताना ताई एवढंच म्हणाली, की पंख्याचं सांगायला काय हरकत होती. त्यावर भाऊजींचं उत्तर असं, की पंख्याचं सांगितलं असतं तर सांगायची सवय लागली असती.

निवृत्तीनंतर त्यांच्या बरोबरीच्या मंडळींनी भंडाऱ्याला नाहीतर नागपूरला घरं बांधली. भाऊजी मात्र गावी राहायला गेले. गावी म्हणजे नव्या गावठाणात, कारण जुनं गाव वैनगंगेच्या काठावर होतं आणि गोसीखुर्द धरणाचं पाणी चढत गेलं तसं ते पाण्याखाली गेलं. नव्या गावठाणातले रस्ते सरळ आहेत, प्लॉट चौकोनी आहेत, विहार आणि मारुतीचं देऊळ दोन्ही नवी कोरी आहेत, आणि जन्मभर शेजारी राहिलेली माणसं एकमेकांपासून चार गल्ल्या लांब जाऊन पडली आहेत. तिथे भाऊजींनी पुढच्या खोलीत, अगदी दारासमोरच्या ओट्यावर, एक कॉम्प्युटर मांडला. भंडाऱ्यातला एक नेट कॅफे बंद पडला तेव्हा त्यांनी तो उचलून आणला होता. हा कॉम्प्युटर कधी बंद करायचा नसतो. तो सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे काय ते त्यांनी मला एकदा समजावलं, आणि मी मराठीचा मास्तर असूनही मला ते समजलं: आपली वस्तू परक्याच्या कोठारात न ठेवता आपल्याच घरात ठेवायची, आणि ज्याला ती पाहायची असेल त्याने आपल्या दारी यायचं. दारावर कोण उभं आहे ते नीट पाहूनच कडी काढायची. या शेवटच्या भागातच भाऊजींचा सगळा जीव गुंतलेला असे.

ताई त्या यंत्राला 'पाहुणे' म्हणते. मे महिन्यात आमच्याकडे ऊन असं पडतं, की कावळेसुद्धा सावली सोडत नाहीत. त्या दिवसांत घरातला चांगला टेबलफॅन पाहुण्यांकडे असतो आणि घरची माणसं बाहेर कडुलिंबाखाली विंझणा हलवत बसलेली असतात. एकदा मी उन्हातून गेलो आणि पंखा माझ्याकडे वळवला, तर भाऊजींनी एक अक्षर न बोलता तो पुन्हा तिकडे वळवला. ताई आतून म्हणाली, "बापू, तू मानूस आहेस. तुले घाम येते. त्याले येत नाही नं." त्यावर भाऊजींनी इतक्या समाधानाने मान हलवली, की ताईने टोमणा मारला हे त्यांच्या गावीही नव्हतं.

हे सगळं ते शिकले कुठून, असं लोक मला विचारतात. ते इंटरनेटवर अनोळखी लोकांना विचारून शिकले. तिथे जगभरातले जाणकार एकमेकांच्या अडचणी सोडवत बसलेले असतात. भाऊजींना इंग्रजी येत होतं ते फॅक्टरीतल्या अर्जांचं. त्यामुळे सर्व्हर बंद पडला की ते 'रिस्पेक्टेड सर' अशी सुरुवात करून, सविनय निवेदन करून, शेवटी 'युवर ओबिडिएंट' असं लिहीत आणि खाली पदनाम घालत. नॉर्वेचा एक गृहस्थ त्यांना नेमाने उत्तर द्यायचा. काही महिन्यांनी तोही 'रिस्पेक्टेड सर' लिहू लागला. त्याला वाटलं असावं, की भारतात कॉम्प्युटरची चौकशी अशीच करतात.

घरात येणाऱ्या कागदांचं त्यांना फार भय. विजेचं बिल, पार्सलवरचा पत्ता, आधार कार्डाच्या झेरॉक्सचं टाकून दिलेलं पान, यांतलं काहीही ते कचऱ्यात जाऊ देत नाहीत. नाव, नंबर, पत्ता चोराच्या हाती लागला तर तो आपल्या नावाने काय वाट्टेल ते करेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणून परसात एक घमेलं पाणी घालून ठेवलेलं असतं आणि घरातले सगळे कागद त्यात भिजत पडतात. ताईने काही दिवस हे पाहिलं, आणि मग त्या लगद्यात मेथीची पूड कालवून टोपल्या थापायला सुरुवात केली. टोपली चांगली होते, वाळली की टणक होते. आज आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या घरी लसूण-कांदे ज्या टोपल्यांत ठेवलेले आहेत, त्या भाऊजींच्या खासगी माहितीच्या आहेत.

फोनवर त्यांच्याशी बोलणं म्हणजे परीक्षाच. हल्ली आवाजाचीही नक्कल करता येते असं त्यांनी कुठेतरी वाचलं, आणि तेव्हापासून फोन उचलला की ते आधी म्हणतात, "बापू, ओळख पटव." मग एक प्रश्न येतो. तुमसर रोड स्टेशनवर गाडी चुकली तेव्हा आपण काय खाल्लं, माझ्या वरातीत घोडी कुठे बिथरली, असे त्यांचे प्रश्न असतात. एकदा मी स्कूटरवरून पडलो. पाय मोडला, भंडाऱ्याच्या दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या मी त्यांना फोन केला. त्यांनी विचारलं, की लग्नात पहिल्या पंगतीला भाजी कोणती होती. मी कण्हत म्हणालो, वांग्याची. "वांग्यात आलू होता," असं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला. मी कपाळाला हात लावला. पण पुढच्याच बसने ते भंडाऱ्यात हजर. खाटेवर पडलेला मीच आहे की दुसरा कोणी, याची खात्री करून घ्यायला आलो असं म्हणाले. खात्री पटल्यावरही ते गेले नाहीत. मला सोडेपर्यंत खाटेजवळच्या स्टुलावर बसून होते, आणि नर्सने माझी फाइल तिथेच उघडी ठेवली की उठून मिटून ठेवत होते.

सकाळी लोक पेपर वाचतात तसे भाऊजी सर्व्हरची नोंदवही वाचतात. म्हणजे यंत्र स्वतःच लिहून ठेवतं, की रात्रीत कोणकोण येऊन दार ढकलून गेलं. जगभर काही भामटे असे दिसेल त्या सर्व्हरचं कुलूप हलवून पाहत असतात म्हणे. एकदा पानठेल्यावर भाऊजी सहज बोलून गेले, की रात्री ब्राझीलवरून कोणीतरी येऊन दार ठोकत होतं. झालं. गावात एकच चर्चा सुरू झाली. पोलीस पाटलाने येऊन तक्रार द्यायची का म्हणून विचारलं. ब्राझीलचा माणूस इतक्या लांबून नेमका आपल्याच गावात काहून आला, यावर विहाराच्या पायरीवर बराच खल झाला. भागाबाई म्हणून एक म्हातारी आहे, पूर्वी भाऊजींच्या शेजारी राहायची. तिने फक्त विचारलं, की त्याला भाकर दिली का.

आता एवढं काय जपून ठेवलंय त्या सर्व्हरवर, ते सांगतो. जुनं गाव उठायचं ठरलं तेव्हा भाऊजींनी एक कॅमेरा घेतला आणि सुट्टीच्या दिवशी फॅक्टरीतून येऊन एकेका घराचे फोटो काढले. बाहेरून काढले, आतून काढले. चूल, देवळी, गोठा, उंबरठा, भिंतीवर पोरांची उंची मोजून ओढलेल्या रेघा, विहीर, बोडीच्या तळ्याची पाळ, पार, नदीचा घाट, सगळं टिपलं. तेव्हा लोक हसले. पाणी आल्यावर हसले नाहीत. माझ्या मुलीने सुचवलं होतं, की हे सगळं एखाद्या मोठ्या कंपनीच्या जागेवर टाकून द्या, ते सांभाळतात, फुकट सांभाळतात. भाऊजी तिला रागावले नाहीत. ते म्हणाले, "पोरी, एकदा गाव दुसऱ्याच्या भरवशावर सोडलं. आता फोटो तरी आपल्या घरी राहू दे." मी चहा मागितला.

तेव्हापासून त्या गावठाणात एक रीत पडली आहे. लोक भाऊजींकडे 'घर पाहायले' येतात. लग्न ठरलं की मुलीला घेऊन आई-बाप येतात आणि सासरी जाण्याआधी तिला तिचं घर दाखवतात. ती वाढलेली असते इथे नव्या गावात, पण तिचं घर म्हणजे ते. बाया पडद्यावरच्या उंबरठ्याला हळदकुंकू लावायला जातात आणि भाऊजी काचेला लागेल म्हणून मध्ये हात धरतात. आणि इथेही त्यांचा नियम आहे. प्रत्येक घराला वेगळा पासवर्ड, आणि तो त्या घरच्याच माणसाकडे. दुसऱ्याच्या घरात विचारल्याशिवाय शिरायचं नाही, मग ते फोटोतलं का असेना. भागाबाईला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून तिने बटणं जागेवरून लक्षात ठेवली आहेत. वरच्या ओळीतलं कोपऱ्यातलं, मग त्याच्या खालचं, मग दोन सोडून, असं करत ती बोटाने गोवऱ्या थापल्यासारखी एकेक बटण दाबते. तेवढा वेळ भाऊजी भिंतीकडे तोंड करून उभे असतात. भागाबाईच्या सुनेने एकदा तिला पासवर्ड विचारला, तर म्हातारी म्हणाली, "सांगू नोको म्हनलं हाये."

बॅकअप हा भाऊजींच्या जिव्हाळ्याचा विषय. प्रती तीन हव्यात, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावतात. एक सर्व्हरमध्ये, एक कपाटात, आणि एक अशा जागी की जी कोणालाही माहीत नाही. ती तिसरी प्रत त्यांनी फार पूर्वी करून ठेवली, लांबलचक कुलूपशब्द घालून बंद केली, आणि पुन्हा उघडली नाही. गाव आता बदलणार नव्हतं, त्यामुळे उघडायची गरजच पडली नाही. ती कुठे आहे हे ताईलाही ठाऊक नव्हतं. ताईने विचारलं की ते म्हणत, दोघांना कळलं की गुपित राहत नाही.

मागच्या वैशाखात एका संध्याकाळी वादळ आलं. भाऊजी त्याच वेळी कपाटातली डिस्क सर्व्हरला जोडून प्रत तपासून पाहत होते. गावठाणाच्या डीपीच्या ट्रान्सफॉर्मरवर वीज पडली. घरात एक कडाडणारा आवाज झाला, जळका वास आला, आणि पाहुणे व कपाटातली डिस्क दोघंही एकदमच गेले. ताई सांगते, की भाऊजी अजिबात घाबरले नाहीत. उलट त्यांच्या तोंडावर एक प्रकारचं समाधान होतं, की बघा, मी म्हणत नव्हतो का. ते शांतपणे उठले आणि मागच्या खोलीत, जिथे ताई धान ठेवते, तिथे गेले. थोड्या वेळाने तिथूनच त्यांनी विचारलं, की बियाण्याचं पोतं कुठे आहे.

ताई म्हणाली, विकलं.

झालं होतं असं, की तिसरी प्रत भाऊजींनी स्टीलच्या डब्यात घालून, डबा मेणाने बंद करून, बियाण्याच्या धानात पुरून ठेवली होती. धान ओल शोषून घेतं, आणि मुख्य म्हणजे आमच्याकडे बियाण्याच्या पोत्याला कोणी हात लावत नाही. ते खायचं नसतं आणि विकायचं तर नसतंच. दर वर्षी पेरणीला बियाणं काढायचं काम भाऊजी हट्टाने स्वतः करत, आणि नवं बियाणं भरलं की डबा पुन्हा गुपचूप आत. शेतीतलं हेच एक काम ते करतात म्हणून ताई बिचारी कौतुकाने सगळ्यांना सांगायची. पण त्या वर्षी त्या धानाला सोंडे किडे लागले होते, ताईने दुसऱ्या वाणाचं बियाणं घ्यायचं ठरवलं होतं, आणि तुमसरच्या व्यापाऱ्याचा ट्रक गावात आला तेव्हा तिने इतर पोत्यांबरोबर तेही देऊन टाकलं.

भाऊजी धानाच्या रिकाम्या जागेवर बसले. ताईला वाटलं, बियाणं गेल्याचं दुःख झालं. ती समजूत घालू लागली, की नवं बियाणं चांगलं आहे, उतारा जास्त आहे. आपल्या बायकोला काय गेलं हे सांगायलासुद्धा त्यांना त्या वेळी तोंड उघडता येईना, इतकी सवय हाडीमासी खिळलेली. शेवटी कसंबसं त्यांनी सांगितलं. मला वाटलं होतं ताईने आकाशपाताळ एक केलं असेल. तिने केलं नाही. तिने फक्त विचारलं, "मले सांगतलं असतं तं मी त्या पोत्याले हात लावला असता काय?" भाऊजी नंतर मला म्हणाले, की जन्मात एवढा सोपा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

सकाळच्या पहिल्या बसने दोघं भंडाऱ्याला माझ्याकडे आले आणि माझ्या गाडीतून आम्ही तुमसरकडे निघालो. या वेळी फोनवर भाऊजींनी माझी ओळखही पटवून घेतली नव्हती, त्यावरूनच मी काय ते समजलो. रस्ताभर भाऊजी मध्येच म्हणत, की भागाबाईला काय सांगू. पुढच्या महिन्यात अमक्याच्या मुलीचं लग्न आहे, ते घर पाहायला येतील, त्यांना काय दाखवू. मी काहीतरी धीराचं बोलायचो. गाव एकदा पाण्याने नेलं होतं. दुसऱ्यांदा गेलं, तर ते आपल्या हाताने गेलं असं भाऊजींना मरेपर्यंत वाटत राहणार, हे मला दिसत होतं.

त्या व्यापाऱ्याच्या राइस मिलमध्ये पोत्यांची थप्पी छतापर्यंत लागली होती. एका बाजूला उकड्या तांदळासाठी धान भिजत घालायचे हौद, आणि हमाल पोती फोडून धान त्यात ओतत होते. मुनीम भला माणूस होता, पण त्याने साहजिकच विचारलं, की पोत्यात काय आहे. भाऊजी म्हणाले, डबा आहे. डब्यात काय आहे? भाऊजी म्हणाले, ते सांगता येणार नाही, खासगी आहे. मुनीमाचा चेहरा बदलला. त्याला वाटलं असणार, दागिने तरी आहेत नाहीतर काही भलतंच. मालकाला विचारल्याशिवाय थप्पीला हात लावू देणार नाही, आणि मालक नागपूरला गेलेत, असं तो म्हणाला. तिकडे हमालांचं काम चालूच होतं. मी भाऊजींना कोपराने ढोसलं. ते पुन्हा तेच म्हणाले, खासगी आहे.

तेव्हा ताई पुढे झाली. पदर खोचून ती मुनीमापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, आमचं गाव हाये त्या डब्यात. धरनात गेलं ते. फोटो हायेत सारे, घराघराचे. दुसरीकडं कुठंच नाहीत आता." हौदापाशी पोतं फोडणाऱ्या हमालाने हातातला लोखंडी आकडा खाली ठेवला. मग कोणाला न विचारता मुनीमाने हौदाचं काम थांबवायला सांगितलं.

पण पोतं ओळखायचं कसं? सगळी पोती सारखी. भाऊजींनी त्यावर काही खूण केली नव्हती, कारण खूण केली की चोराला कळतं. ताई म्हणाली, की पोती खाली उतरवा, मी सांगते. ताई पोत्याचं तोंड सुतळीने शिवत नाही. जुन्या लुगड्याचा काठ फाडून त्याने बांधते, आणि बियाण्याच्या पोत्याला हिरवा काठ लावते. हे भाऊजींना माहीत नव्हतं. इतकी वर्षं ते पोतं त्यांनी आपल्या हाताने उघडलं आणि बांधलं, पण त्यांचं लक्ष डब्यावर. हमालांनी थप्पी उतरवली, एकेक पोतं ताईसमोर येत गेलं, ती मान हलवत गेली, आणि ऊन कलायला लागलं तेव्हा हिरवा काठ आला. ताईने स्वतः गाठ सोडली आणि कोपरापर्यंत हात धानात घातला. डबा तिच्याच हाताला लागला. तो तिने भाऊजींना दिला नाही. भंडाऱ्यापर्यंत मांडीवर धरून बसली.

माझ्या घरी पोचल्यावर भाऊजींनी आधी माझ्या लॅपटॉपचं इंटरनेट तोडलं आणि कॅमेऱ्यावर औषधाच्या दुकानातली पट्टी चिकटवली. डिस्क जोडली. ती चालू झाली आणि तिने कुलूपशब्द मागितला. भाऊजी म्हणाले, "फिरा तिकडं." आम्ही दोघं शहाण्यासारखे भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. मागून बटणांचा आवाज आला, बराच वेळ आला, आणि थांबला. पुन्हा आला. पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा आवाज सुरू झाला तो फार सावकाश होता. मग काहीच ऐकू येईना. मी चोरून मागे पाहिलं, तर भाऊजी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. कुलूप निघत नव्हतं. लिहून कुठे ठेवलेलं नव्हतं, कोणाला सांगितलेलं नव्हतं.

"फिरा इकडं," ते म्हणाले. आणि मग, माझ्या माहितीत पहिल्यांदा, भाऊजींनी आपला पासवर्ड तोंडाने सांगितला. ती त्यांच्या आळीतली घरं होती. घाटापासून पारापर्यंत, रांगेने, एकापुढे एक, घरच्या माणसांची नावं. ते डोळे मिटून म्हणत होते आणि ताई बोटांवर मोजत होती. ती त्या आळीत नवी नवरी म्हणून आली होती, डोक्यावर पाण्याची गुंडी घेऊन रोज घाटावर गेली होती. भाऊजी पारापाशी पोचले आणि थांबले.

ताई म्हणाली, "मधात एक घर राह्यलं. सोनाबाईचं."

भाऊजींनी डोळे उघडले. सोनाबाई मुरमुरे फोडून विकायची. एकटीच होती, मागे-पुढे कोणी नव्हतं. गाव उठायच्या आधीच वारली, त्यामुळे नव्या गावठाणात तिच्या नावाचा प्लॉट निघाला नाही. तिचं घर पाहायला कधी कोणी आलं नाही. भाऊजी फार हळू म्हणाले, "भुललो मी तिले." मग त्यांनी पुन्हा सगळी नावं टाइप केली, सोनाबाईच्या जागी सोनाबाई घातली, आणि गाव उघडलं.

मला वाटलं, आता आपलं घर पाहतील. भाऊजींनी सवयीने विचारलं, कोणाचं घर उघडू. ताई म्हणाली, सोनाबाईचं. भाऊजी घुटमळले. त्यांचा नियम आडवा आला. "घरवाल्याले विचारल्याशिवाय कसं उघडू? तिचं तं कोनीच नाही. विचारू कोनाले?"

"मले विचारा," ताई म्हणाली.

आणि भाऊजींनी खरोखरच विचारलं. खुर्चीतून तिच्याकडे वळून, ज्या अदबीने ते भागाबाईला विचारतात त्याच अदबीने ते म्हणाले, "उघडू काय?" ताईने हो म्हटलं. एक बुटकं दार आलं, शेणाने सारवलेली ओसरी आली, आणि दारात एक वाळकी बाई, डोळ्यांवर हात धरून, उन्हात उभ्या असलेल्या फोटोवाल्याकडे हसत पाहत होती. फोटो काढल्यापासून तो कोणी पाहिलाच नव्हता. ताई रडली. भाऊजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला, माझ्यासमोर, जे त्यांनी लग्नानंतर कधी केलं नसेल, आणि मी पाणी आणायला म्हणून आत गेलो.

आता नवा सर्व्हर आलाय. भाऊजींचे स्वतःचे सगळे पासवर्ड ताईला माहीत आहेत, डबा कुठे आहे हेही माहीत आहे, मला नाही. सोनाबाईच्या घराला मात्र ताईने स्वतः एक पासवर्ड घातला आणि तो तिने भाऊजींना सांगितलेला नाही. दुपारची कामं आटोपली की कधीमधी ती एकटी येऊन ते घर उघडते, थोडा वेळ बसते आणि बंद करते. तेवढा वेळ भाऊजी बाहेर कडुलिंबाखाली जाऊन उभे असतात. आत तुमचंच यंत्र आहे, बसा की, असं मी त्यांना एकदा म्हटलं. ते म्हणाले, "नाही बापू. तिच्याकडं सोनाबाई आली हाये."